जुन्या खोऱ्यातील गॅस रिझर्व्हॉयरची नोंदसूची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न
(मुंबई ऑफशोअर खोऱ्याच्या संदर्भात)

भूशास्त्राचे विद्यार्थी, तेलक्षेत्रात नव्याने रुजू झालेले अभियंते आणि डेटाच्या कामात असलेले लोक नेहमी जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. उदाहरणे शक्य तिथे आपल्या किनाऱ्यासमोरच्या खोऱ्यातली घेतली आहेत (इथे खोरे म्हणजे गाळ साचून भरलेला मोठा खोलगट भूभाग). गणितातले आकडे मात्र समजावण्यापुरते घेतलेले आहेत, ते कोणत्याही विशिष्ट क्षेत्राचे नाहीत.

रिझर्व्हॉयरची नोंदसूची म्हणजे नेमके काय?

जमिनीखाली किंवा समुद्रतळाखाली गॅस साठलेला प्रत्येक स्वतंत्र खडकपट्टा वेगळा ओळखून त्याची एक नोंद करायची. तो कुठे आहे, किती खोल आहे, कुठल्या खडकात आहे, मूळ दाब किती होता, गॅस किती होता, किती काढला आणि उरलेला किती निघू शकेल, हे सगळे त्या नोंदीत येते. अशा सगळ्या नोंदी एकाच पद्धतीने, एकाच एककात मांडल्या की खोऱ्याची नोंदसूची तयार होते. अमेरिकेच्या मेक्सिको आखातात केंद्र सरकारची यंत्रणा अशी थरनिहाय यादी प्रसिद्ध करते. कॅनडातील अल्बर्टा प्रांतातही साठ्यांचा हिशेब पूलनिहाय, म्हणजे रिझर्व्हॉयरनिहाय ठेवला जातो.

क्षेत्र आणि रिझर्व्हॉयर यांत फरक काय? क्षेत्राची यादी पुरत नाही का?

पुरत नाही, आणि या पानावरची सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. क्षेत्र म्हणजे चाळ धरली, तर रिझर्व्हॉयर म्हणजे तिच्यातली बिऱ्हाडे. पत्ता एक, पण प्रत्येकाचे लाइटचे मीटर वेगळे.

मुंबई हायचेच बघा. वर्तमानपत्रात ते एक नाव असते. खाली मात्र मायोसीन काळातल्या (साधारण दोन कोटी वर्षांपूर्वीच्या) चुनखडकाचा एल-थ्री हा मुख्य तेलसाठा आहे, आणि तोही मध्ये मध्ये शेलचे (चिखल दाबला जाऊन झालेल्या खडकाचे) पातळ थर असलेल्या अनेक उपथरांचा बनलेला. त्याच्या वर एल-टू आहे, ज्यात तेलाच्या डोक्यावर गॅसची मोठी टोपी आहे. त्याहून उथळ एस-वन हा वाळूचा पट्टा गॅसचा आहे. सर्वांत खाली पायथ्याच्या तडकलेल्या खडकातही हायड्रोकार्बन (तेल-वायू) सापडले आहेत. या प्रत्येकाचा दाब, द्रव आणि वागणूक वेगळी. 'मुंबई हायमध्ये अमुक इतका गॅस उरला' असे एकच वाक्य लिहिले, तर पुढची विहीर कुठल्या थरात घ्यायची याबद्दल ते काहीच सांगत नाही.

'पूल' हा शब्द बहुतेक ठिकाणी रिझर्व्हॉयरच्याच अर्थाने वापरतात. 'प्ले' म्हणजे एकाच प्रकारच्या भूशास्त्रीय परिस्थितीत घडलेल्या साठ्यांचे कुटुंब. उदाहरणार्थ, तापी-दमण भागातले ऑलिगोसीन (मायोसीनच्या आधीच्या काळातल्या) वाळूचे साठे.

या खोऱ्याला परिपक्व का म्हणतात?

१९६० च्या दशकात सोव्हिएत सर्वेक्षण जहाजाच्या मदतीने भूकंपीय पाहणी (ध्वनिलहरी सोडून खालच्या थरांचा वेध) झाली आणि मुंबईच्या वायव्येला समुद्रतळाखाली एक मोठा उंचवटा दिसला. फेब्रुवारी १९७४ मध्ये सागर सम्राट रिगने तिथे तेल शोधले आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर अंतर आणि पाण्याची खोली साधारण ७५ मीटर. पाठोपाठ वसई (बसीन), पन्ना, हीरा, तापी, नीलम अशी क्षेत्रे हाती आली. मुंबई हायचे तेल उत्पादन १९८० च्या दशकाच्या मध्यात शिखरावर होते.

मोठे उंचवटे लवकर सापडतात, छोटे साठे नंतर. विहिरींची संख्या वाढत जाते आणि दर नव्या शोधाचा आकार लहान होत जातो. अशा खोऱ्यात नवे महाकाय क्षेत्र मिळण्याची आशा कमी असते, पण माहिती प्रचंड जमलेली असते. उरलेल्या गॅसचा बराचसा भाग ओळखीच्याच क्षेत्रांत असतो: दुर्लक्षित पातळ थरांत, विभंगांनी (खडकातल्या सरकलेल्या भेगांनी) तुटलेल्या कप्प्यांत, जुन्या विहिरींच्या नळीबाहेर राहिलेल्या न उघडलेल्या थरांत. नोंदसूची नीट असेल तरच तो दिसतो. म्हणून हे काम मला नव्या शोधाइतकेच मोलाचे वाटते.

देशातल्या २६ गाळखोऱ्यांपैकी मुंबई ऑफशोअर पहिल्या वर्गात मोडते, म्हणजे साठे सिद्ध झालेले आणि उत्पादन चालू असलेले.

इथला गॅस आला कुठून आणि अडकला कुठे?

खोऱ्याचा पाया बऱ्याच भागात दख्खनच्या बेसॉल्टचा आहे, म्हणजे सह्याद्रीत जो काळा पाषाण दिसतो त्याचाच भाऊबंद. काही ठिकाणी त्याहून जुना ग्रॅनाइट आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारत आणि सेशेल्स दुरावत असताना हा किनारा ताणला गेला, जमीन खचली आणि खोलगट दऱ्या तयार झाल्या. पॅलिओसीन ते आरंभीच्या इओसीन काळात (साधारण साडेसहा ते पाच कोटी वर्षांपूर्वी) त्या दऱ्यांमध्ये पन्ना शैलसमूहाचा (शैलसमूह म्हणजे नाव दिलेला थरांचा गट) सेंद्रिय शेल आणि कोळसा साचला. तोच इथला मुख्य उगमखडक, म्हणजे तेल-वायू ज्यात तयार झाला तो खडक.

पुढे समुद्र पसरला. दक्षिणेकडे आणि मध्यभागी स्वच्छ उथळ पाण्यात चुनखडक वाढला. उत्तरेला प्राचीन नर्मदा आणि तापी यांनी आणलेल्या गाळामुळे वाळू-चिखलाचे त्रिभुज प्रदेश तयार झाले. म्हणून वसई क्षेत्राचा गॅस प्रामुख्याने इओसीन चुनखडकात, तर तापी आणि दमण भागाचा गॅस दमण आणि महुवा शैलसमूहांच्या ऑलिगोसीन वाळूत. सूची करणाऱ्याने ही फाळणी कायम डोक्यात ठेवावी. चुनखडकात पाण्याने विरघळून झालेली पोकळी हाताच्या अंतरावर बदलते. त्रिभुज प्रदेशातल्या वाळूचे थर पातळ असतात आणि बाजूच्या विहिरीपर्यंत पोहोचतीलच याची खात्री नसते.

वर चिंचणी शैलसमूहाचा जाड शेल सगळ्यावर पांघरलेला आहे. वांद्रे, माहीम, अलिबाग, पनवेल, रत्नागिरी ही नावेही या खोऱ्यातल्या शैलसमूहांना दिलेली आहेत, त्यामुळे पहिल्यांदा थरांचा क्रम दाखवणारा स्तंभ वाचणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला गावांची यादी वाचल्यासारखे वाटते. लक्षात मात्र पटकन राहतात.

एका नोंदीत कमीत कमी काय असावे?

ओळख: कायमचा क्रमांक, क्षेत्र, शैलसमूह, थर, कप्पा. भूशास्त्र: काळ, खडक, निक्षेपणाचे (गाळ साचण्याचे) वातावरण, सापळ्याचा (गॅस जिथे अडकतो त्या रचनेचा) प्रकार. भौतिक: क्षेत्रफळ, गॅस असलेली निव्वळ जाडी, सच्छिद्रता (खडकातल्या पोकळीचे प्रमाण), पार्यता (खडकातून द्रव किती सहज वाहतो), पाण्याचे प्रमाण, गॅस-पाणी सीमा. द्रव: गॅसचे रासायनिक विश्लेषण, कंडेन्सेट (गॅससोबत निघणारे हलके तेल). अभियांत्रिकी: मूळ दाब, तापमान, संदर्भ खोली, पाण्याचा रेटा (खालून पाणी वर ढकलते का) आहे की नाही. हिशेब: मूळ गॅस, आजवर काढलेला, अपेक्षित एकूण.

यापलीकडे दोन रकाने लोक गाळतात आणि तेच सर्वांत उपयोगी असतात. पहिला, हा आकडा कुठल्या कागदावरून घेतला. दुसरा, कोणत्या तारखेचा. सच्छिद्रता १८ टक्के लिहिली आहे, पण ती कोअरवर (विहिरीतून काढलेल्या खडकाच्या नमुन्यावर) प्रयोगशाळेत मोजलेली, लॉगवरून (विहिरीत उपकरणे सोडून घेतलेल्या खोलीवार नोंदीवरून) काढलेली की शेजारच्या क्षेत्रावरून उचललेली, हे कळले नाही तर तो आकडा वापरायचा कसा? रिकामा रकाना चालतो. उगम नसलेला आकडा चालत नाही.

खोलीचा आकडा तर सरळ असतो. त्यात गोंधळ कसला?

सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच असतो. विहिरीची खोली मोजतात ती रिगच्या फिरत्या टेबलापासून, आणि ते टेबल समुद्रसपाटीपासून कितीतरी मीटर उंच असते. शिवाय ऑफशोअरच्या बहुतेक उत्पादन विहिरी एकाच प्लॅटफॉर्मवरून तिरक्या खोदलेल्या असतात, त्यामुळे नळीच्या लांबीने मोजलेली खोली आणि उभी खोली यांत शेकडो मीटरचे अंतर पडू शकते.

एक साधे उदाहरण. एका उभ्या विहिरीच्या अहवालात गॅस-पाणी सीमा १८४२ मीटरवर दाखवली आहे. दुसऱ्या विहिरीच्या अहवालात ती १८१५ मीटरवर. सूचीत दोन्ही जशाच्या तशा उतरवल्या, तर २७ मीटरचा फरक दिसतो आणि कुणीतरी मध्ये एक विभंग कल्पून दोन रिझर्व्हॉयर करून टाकतो. पहिल्या लॉगच्या शीर्षपट्टीवर बारीक अक्षरात टेबलाची उंची २७ मीटर लिहिलेली असते. वजा करा: १८१५. सीमा एकच, रिझर्व्हॉयर एकच. दुसऱ्या अहवालाने खोली आधीच समुद्रसपाटीपासून दिली होती, एवढेच.

म्हणून सूचीत एकच खोली अधिकृत धरावी: समुद्रसपाटीखालची उभी खोली. मूळ आकडा आणि टेबलाची उंची शेजारच्या रकान्यांत जपून ठेवावी.

दाबाचेही तसेच. जुने अहवाल किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये, नवे बहुधा पीएसआयमध्ये (पौंड प्रति चौरस इंच). १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे सुमारे १४.२ पीएसआय. आकडा गेजचा (हवेचा दाब वगळून) की निरपेक्ष (तो धरून), हेही पाहावे. गॅसचे आकारमान ० अंश सेल्सिअसला धरले की १५ अंशांना, यात ५ टक्क्यांहून जास्त फरक पडतो, आणि खोऱ्याच्या बेरजेत तो एखाद्या छोट्या क्षेत्राएवढा होतो.

दोन विहिरींतला गॅस एकाच रिझर्व्हॉयरचा आहे हे कसे ठरवतात?

दाबावरून. पाण्याचा दाब दर १० मीटरला साधारण १ किलो प्रति चौरस सेंटिमीटरने वाढतो. गॅस हलका, त्यामुळे त्याचा दाब तेवढ्याच अंतरात जेमतेम ०.१ ते ०.२ ने वाढतो. समजा एका विहिरीत १८०० मीटरवर १८१ मोजला. शेजारच्या विहिरीत १८२० मीटरवर साधारण १८१.२ मिळाला, तर दोन्ही बिंदू एकाच गॅस रेषेवर बसतात. तिथे १८६ मिळाला, तर साठे वेगळे.

उत्पादन सुरू होण्यापूर्वीचा दाब जुळला म्हणून संपर्क आहेच असे मात्र नाही. लाखो वर्षांत सूक्ष्म फटींतूनही दाब समान होतो, आणि तीच फट उत्पादनाच्या वेगाला पुरत नाही. खरा पुरावा नंतर मिळतो. आसपास दहा वर्षे गॅस काढला जात असताना नव्या विहिरीच्या एखाद्या थरात मूळ दाबच सापडला, तर तो थर आजवर कुणी रिकामा केलेला नाही. अशा नोंदीपुढे मी नेहमी ठळक खूण करतो. जुन्या खोऱ्यातली ती खरी कमाई असते.

गॅस किती आहे, हे मोजतात कसे?

क्षेत्रफळ गुणिले निव्वळ जाडी गुणिले सच्छिद्रता गुणिले गॅसचे प्रमाण. मग खाली दाबात आकसलेला गॅस वर आल्यावर किती पट फुगेल, त्याने गुणायचे.

१० चौरस किलोमीटर क्षेत्र, १० मीटर जाडी, २० टक्के सच्छिद्रता, त्यातला ७० टक्के भाग गॅसने भरलेला. खडक १० कोटी घनमीटर, पोकळी २ कोटी, गॅसची जागा १.४ कोटी. साधारण १८०० मीटर खोलीवर, १८० बार (१ बार म्हणजे जवळपास १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर) दाबात आणि १०७ अंश तापमानात, गॅस वर येताना सुमारे १५० पट होतो. म्हणजे २१० कोटी घनमीटर, उद्योगाच्या भाषेत २.१ बीसीएम (अब्ज घनमीटर).

आता जाडी ८ मीटर, सच्छिद्रता १७ टक्के आणि गॅसचे प्रमाण ६५ टक्के धरा. तिन्ही बदल किरकोळ वाटतात. उत्तर १३३ कोटींपर्यंत खाली येते. म्हणून एकच आकडा देऊन मोकळे होऊ नये. कमी, मध्यम आणि जास्त असे तीन अंदाज द्यावेत.

उत्पादन सुरू झाल्यावर हा अंदाज तपासता येतो का?

येतो, आणि तपासलाच पाहिजे. गॅस काढला की दाब पडतो. दाबाला गॅसच्या विचलन गुणांकाने (खरा गॅस आदर्श गॅसपेक्षा किती वेगळा वागतो ते सांगणाऱ्या आकड्याने) भागून तो आकडा एकूण उत्पादनासमोर आलेखावर मांडला की बंदिस्त रिझर्व्हॉयरसाठी सरळ रेषा मिळते. वरच्याच उदाहरणात गुणांक ०.९ धरला, तर १८० भागिले ०.९ म्हणजे सुरुवात २०० ला. ४० कोटी घनमीटर काढल्यावर तोच आकडा १६० वर आला, म्हणजे पाचवा हिस्सा संपला. मूळ गॅस २०० कोटी. आकारमानाच्या २१० च्या अंदाजाशी छान जुळते.

पण खालून पाणी रेटा देत असेल तर दाब टिकून राहतो. ४० कोटी काढूनही आकडा १८० वरच असेल, तर सरळ रेषा ४०० कोटी दाखवते. तो गॅस नाही, आत शिरलेले पाणी आहे. उत्पादनात पाणी वाढते आहे का, हा रकाना इथे निर्णायक ठरतो.

सगळा गॅस बाहेर काढता येतो का?

नाही. फक्त दाब उतरवून चालणाऱ्या चांगल्या रिझर्व्हॉयरमधून ७० ते ९० टक्के निघतो. पाण्याचा रेटा जोरात असेल तर ५० ते ७० टक्के, कारण पुढे सरकणारे पाणी गॅसचे बुडबुडे छिद्रांत कोंडून ठेवते. तेलाच्या उलट, इथे पाण्याचा जोर नुकसानीचा. वर कॉम्प्रेसर बसवला तर कमी दाबातही विहीर चालू राहते आणि हा टक्का वाढतो. म्हणून सूचीत अपेक्षित उत्पादनाशेजारी 'कॉम्प्रेशन धरले आहे का' हे लिहावे.

साठे आणि संसाधने हे एकच का?

नाही. सापडलेला, आजच्या तंत्राने व भावाने काढणे परवडणारा आणि विकासाचा बेत ठरलेला गॅस म्हणजे साठा. सापडलेला, पण पाइपलाइन, भाव किंवा मंजुरीअभावी थांबलेला म्हणजे सशर्त संसाधन. अजून न सापडलेला म्हणजे संभाव्य संसाधन. तिघांची बेरीज करून एकच आकडा छापणे चुकीचे आहे. २०१६ मध्ये सरकारने शोध लागूनही पडून राहिलेली छोटी क्षेत्रे लिलावात काढली, ती मुख्यतः दुसऱ्या गटातली होती. त्यांत या खोऱ्यातलीही होती.

गॅसची प्रत का नोंदवायची?

कारण त्यावर पाइप, प्लॅटफॉर्म आणि माणसांचा जीव अवलंबून असतो. वसई क्षेत्राच्या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असल्याने तो समुद्राखालच्या पाइपलाइनने गुजरातमधल्या हजिऱ्याला जातो, तिथे शुद्ध होतो आणि मग हजिरा-विजयपूर-जगदीशपूर वाहिनीने उत्तरेकडे निघतो. बी-१९३ सारख्या क्षेत्रसमूहात हा विषारी वायू बराच जास्त असल्याने विकासाची आखणीच वेगळी करावी लागली. कार्बन डायऑक्साइड गंज चढवतो. प्रोपेन-ब्युटेनचे प्रमाण चांगले असेल तर एलपीजी मिळतो. 'गॅस: आहे' एवढेच लिहिलेली नोंद अभियंत्याच्या काहीच कामाची नसते.

तेलासोबत येणारा गॅस कसा धरायचा?

वेगळ्या रकान्यात. तेलात विरघळलेला, तेलावरच्या टोपीतला आणि तेलाशी संबंध नसलेला स्वतंत्र गॅस या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. टोपीतला गॅस घाईने काढला तर तेलाला वर ढकलणारा जोर जातो, म्हणून तो मोजणीत असूनही बरीच वर्षे हात लावायचा नसतो. मुंबई हायवरून उरणला येणारा गॅस बराचसा तेलासोबतचा. तिथल्या प्रक्रियेनंतर तो वीज, खत आणि शहरी वितरणाकडे वळतो. तुर्भे आणि थळच्या खत कारखान्यांचे आणि १९९५ पासून महानगर गॅसचे नाते या साखळीशी आहे.

एकाच क्षेत्राला तीन-तीन नावे असतात. कुठले धरायचे?

कुठलेही धरा, पण कायमचा क्रमांक वेगळा ठेवा आणि बाकी नावे उपनावे म्हणून नोंदवा. बॉम्बे हायचे मुंबई हाय झाले. बसीन आणि वसई दोन्ही चालतात. बी, सी, डी अक्षरांच्या मालिकांतले क्रमांक मुळात शोधाच्या टप्प्यावर दिलेले असतात, विकासानंतर त्यांचे समूह होतात आणि समूहाला पुन्हा वेगळे नाव मिळते. कंत्राटदार बदलला की अहवालातली थरांची नावेही बदलतात. पन्ना-मुक्ता आणि तापीचा करार डिसेंबर १९९४ मध्ये झाला. डिसेंबर २०१९ मध्ये मुदत संपल्यावर पन्ना-मुक्ता ओएनजीसीकडे परतले. अशा हस्तांतरानंतर दोन पद्धतींची नावे शेजारी शेजारी बसवावी लागतात. हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळले तर एकच थर दोनदा मोजला जातो.

जुन्या कागदी लॉगमधून खरेच काही नवे निघते का?

निघते. स्वच्छ वाळूत गॅस असला की घनता आणि न्यूट्रॉन लॉगच्या रेषा एकमेकींना ओलांडतात, ते चटकन दिसते. वाळूत चिखल मिसळलेला असेल तर ती ओलांडणी झाकली जाते आणि विद्युतरोधही कमी दिसतो. पूर्वी असे पातळ थर 'पाणी' किंवा 'घट्ट' म्हणून सोडले गेले, कारण तेव्हा मोठे साठे समोर होते आणि रिगचा वेळ महाग होता. आज तेच लॉग अंकीय करून, खोदताना विहिरीत फिरवलेल्या चिखलात दिसलेल्या गॅसच्या नोंदींशेजारी ठेवले की काही थर पुन्हा तपासण्याजोगे वाटतात.

फिल्म आणि कागद मात्र दमट हवेत टिकत नाहीत. मी एका गोदामात एकमेकांना चिकटून फळी झालेले लॉग पाहिले आहेत. ती विहीर पुन्हा खोदायला कोट्यवधी रुपये लागतील, स्कॅन करायला काही मिनिटे पुरली असती. ज्यांच्या ताब्यात असे कागद आहेत त्यांनी आधी स्कॅन करावे, वर्गीकरण नंतर. शीर्षपट्टी कापू नये, टेबलाची उंची तिथेच असते.

संपलेले रिझर्व्हॉयर यादीतून काढायचे का?

कधीच नाही. स्थिती बदला, नोंद ठेवा. तापी क्षेत्राचे उत्पादन २०१६ मध्ये थांबले आणि पुढे तिथले प्लॅटफॉर्म उतरवले गेले, पण तिथल्या वाळूचे आकडे शेजारच्या न खोदलेल्या सापळ्यांसाठी सर्वांत चांगला आधार आहेत. रिकाम्या रिझर्व्हॉयरचा दुसरा उपयोगही असतो. ब्रिटनच्या समुद्रातले रफ हे गॅसक्षेत्र १९८५ पासून साठवणुकीसाठी वापरले गेले, २०१७ मध्ये बंद झाले आणि २०२२ मध्ये काही प्रमाणात पुन्हा उघडले. कार्बन डायऑक्साइड पुरण्याचा विचार करणाऱ्यालाही मूळ दाब, आवरणखडक (गॅस वर निसटू न देणारा खडक) आणि प्रत्येक सोडलेल्या विहिरीचे सिमेंट कुठे आहे, हेच लागते.

माहिती मिळते कुठे?

हायड्रोकार्बन महासंचालनालयाचे राष्ट्रीय डेटा भांडार २०१७ पासून सुरू आहे. तिथे भूकंपीय पाहणी, विहिरी आणि लॉग यांचा शोध घेता येतो. महासंचालनालयाच्या प्रकाशनांत खोऱ्यांची ओळख आणि उत्पादनाचे आकडे असतात. लिलावाच्या वेळी निघणाऱ्या माहितीपुस्तिका छोट्या क्षेत्रांसाठी उत्तम. दाब आणि थरनिहाय उत्पादन मात्र बहुतेक वेळा ऑपरेटरकडेच असते.

एक्सेल चालेल का?

सुरुवातीला चालेल. पण विहीर, थर, चाचणी आणि रिझर्व्हॉयर यांची वेगवेगळी कोष्टके करा आणि क्रमांकांनी जोडा. सगळे एका शीटवर आणले की एकाच विहिरीत चार थर असले की गाडी अडते.

मला एकट्याने सराव करायचा आहे. कुठून सुरू करू?

एकच छोटे क्षेत्र निवडा, तीन-चार विहिरींचे. प्रत्येक विहिरीची टेबलाची उंची आणि तिरकेपणाचा सर्व्हे आधी मिळवा. मग थरांचे माथे समुद्रसपाटीपासून मांडा, चाचण्यांचे दाब खोलीसमोर आलेखावर टाका आणि किती रेषा बनतात ते पाहा. जितक्या वेगळ्या रेषा, कमीत कमी तितकी रिझर्व्हॉयर. मोजणी त्यानंतर. हे एक क्षेत्र नीट झाले की पुढचे निवडताना त्याच प्लेमधले शेजारचे घ्या, म्हणजे सच्छिद्रतेचे आणि दाबाचे आकडे ताडून पाहता येतील.